काळ्या रथातला गॅस

मडकं फुटलं आणि आतलं कुंकवाचं पाणी रक्तासारखं उडालं. ऊस तोडून मोकळ्या झालेल्या कळसाडी गावच्या शेतात एकच आरोळी उठली, "डाकीण! डाकीण!"

शेताच्या मधोमध वासराएवढे दोन लोखंडी रथ उभे होते. साखळपट्ट्यांवर चालणारे, पुढे तोफेची नळी असलेले. आत माणूस नसतानाही ते चालत, वळत, एकमेकांवर काचेच्या गोट्या झाडत. पांढरा रथ देवीचा, काळा आरोपीचा. ज्याच्यावरचं मडकं फुटेल, तो हरला. आता फुटलं ते काळ्यावरचं.

"लोखंड लाच खात नाही!" नवलसिंग महाराज माइकवर गरजला. "कोर्टात वर्षं जातात, माझी माय गोटीसरशी निकाल देते!"

गोवालनं काठी उगारली. महिन्याभरापूर्वी त्याचा मुलगा तापानं गेला होता. "हिनीच मन्हा पोऱ्याले खाई टाकं!"

पहिला तडाखा त्याच्या विधवा चुलतीच्या, रमिलाबाईच्या कपाळावर बसला. कपाळ फाटलं. दुसऱ्या तडाख्याला ती कोसळली. कुणी केस धरले, कुणी पोटात लाथ घातली.

गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी यामिनी गर्दी फोडून आत घुसली आणि रमिलाबाईच्या अंगावर पालथी पडली. पुढची काठी यामिनीच्या पाठीत बसली. श्वास अडकला. मान वळवली तेव्हा रथांची पोटं तिला दिसली. पांढऱ्या रथातल्या सिलिंडरवर भर उन्हात बर्फाची साय धरली होती, जोरात गॅस सुटला की धरते तशी. काळ्याचं सिलिंडर मात्र कोरडं ठणठणीत. काळ्याच्या गोट्या अर्ध्या वाटेतच का गळत होत्या, ते तिला उमगलं. इंजिनिअरिंगला असताना तिनं असेच रिमोटचे रणगाडे लढवले होते.

ती उठली. "पुन्हा लढवा! पण या दोन्ही रथांची सिलिंडरं आणि बॅटऱ्या मी अदलाबदल करणार."

महाराज किंचाळला, "रथाला हात लावशील तर हात झडेल!"

एका चेल्यानं तिच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला. रक्त थुंकत ती म्हणाली, "झडू दे. हात माझाच आहे ना?"

गर्दी थबकली. हात झडताना पाहायची उत्सुकता सगळ्यांनाच होती. "करू द्या तिले!" मागून आवाज आला.

तिनं सिलिंडरं काढून बदलली, बॅटऱ्याही बदलल्या. बर्फाळ सिलिंडरच्या गारठ्यानं तळहात सोलला, पण हात जागेवरच राहिला. मग तिनं महाराजाच्या मंडपाचा मागचा पडदा ओढून पाडला. मागे दोन चेले रिमोट घेऊन बसले होते. काळ्या रथाचा रिमोट तिनं हिसकावला.

दुसऱ्यानं घाईनं पांढऱ्या रथाचं बटण दाबलं. फुस्स झालं आणि गोटी नळीतून पायाशी पडली. यामिनीनं बटण दाबताच काळ्या रथानं गोट्यांचा मारा केला. देवीचं मडकं ठिकऱ्या ठिकऱ्या झालं.

"रमिलाबाई निर्दोष शे! मायना निकाल फिरना!" लोक ओरडले.

"नाही!" यामिनीचा आवाज फाटला. "देवीनं काही केलं नाही. गॅसच्या दाबानं गोटी उडते, बॅटरीवर चाकं फिरतात. हा बाबा काळ्या रथात रिकामं सिलिंडर आणि मेलेली बॅटरी घालायचा. म्हणून आरोपी हरायचाच. रमिलाबाई मघाशी हरली तेव्हाही निर्दोषच होती!"

मग दगड भिरकावले गेले, आता महाराजाकडे. एक त्याच्या कानशिलात बसला. यामिनी मध्ये उभी राहिली.

"याला पोलीस नेतील. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. मघाशी न विचारता मारलंत, आताही न विचारताच मारताय. आधी विचारा. कशानं चालतं, कोण चालवतं, कुणाचा फायदा होतो, ते विचारा. पोराला ताप आला तर दवाखाना गाठा."

गोवालच्या हातातली काठी गळून पडली. "महाराजनी सांगं, दवाखानामा जाऊ नका... म्हनीसन मी..." तो रमिलाबाईला उठवायला वाकला.

तिनं त्याचा हात बाजूला केला. डोळ्यात उतरणारं रक्त पदरानं पुसत ती म्हणाली, "त्या टाकीमा गॅस व्हता, म्हनीसन मी वाचनू. नही ऱ्हाता तं मी डाकीणच का?"

ती यामिनीच्या खांद्याला धरून उठली आणि लंगडत रस्त्याकडे चालू लागली.