माझ्या बांगडीएवढं वायसर

आमच्या वस्तीचा हातपंप वीस वर्षं माझ्या जिवावर चाललाय. आतलं चामड्याचं वायसर मीच कापते, तेही दार लावून. इतरांची वायसरं दोन महिन्यांत फाटतात, माझं दोन वर्षं ढिम्म हलत नाही. कसं, ते सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही.

यंदा मात्र दांडा ज्यात फिरतो ते बुश मोडलं. ते माझ्या अकलेबाहेरचं. पंप बसवून देणारे परदेशी केव्हाच निघून गेलेले आणि दुकानदार म्हणतो, हे आता मिळत नाही. आठ दिवस सून लांबून पाणी वाहत होती.

नवव्या दिवशी तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "आई, या पंपाचे सगळे नकाशे सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. आणि समुद्रापलीकडच्या एका बाईनं लाकडाचं बुश करून दाखवलंय. तेलात उकळायचं."

"लाकडाचं? चुलीत घाल म्हणावं."

सुतारानं तसंच बुश केलं आणि पंप चालला. पहिली घागर मीच भरली.

"त्या बाईनं व्हिडिओखाली विचारलंय," सून म्हणाली. "तिचं वायसर टिकत नाही. तिथल्या बायका पुन्हा नदीचं गढूळ पाणी भरतायत. कुणाला माहीत असेल तर सांगा, म्हणते."

"सांगेल कुणीतरी."

"कुणीतरी कोण? दोन वर्षं टिकणारं वायसर दुनियेत एकीलाच जमतं, असं तुम्हीच सांगत फिरता ना?"

दार सताड उघडलं आणि अंगणात बसले. सून व्हिडिओ काढत होती. आधी हाताला साबण लावून लग्नातली बांगडी काढली. दर वेळी तोंड वाकडं करत ही खटपट करावी लागते, दार लावायचं निम्मं कारण तेच. मग सांगितलं, "चामडं तीन दिवस तेलात ठेवायचं आणि बरोबर या बांगडीएवढं कापायचं."

दुसऱ्या दिवशी चार देशांतून एकच प्रश्न आला: बांगडी केवढी?

"बांगडीएवढी," मी म्हटलं. "एवढंही कळत नाही?"

सुनेनं पट्टी लावली. साठ मिलिमीटर.

पंधरा दिवसांनी त्या बाईचा व्हिडिओ आला. पंपातून धो धो पाणी, भोवती हसणाऱ्या बायका. मापासाठी तिनं साठ मिलिमीटरचं लाकडी कडं करून घेतलं होतं आणि ते हातात मिरवत होती.

"आता निघत नाही म्हणतेय," सून हसत म्हणाली.

"साबण लाव म्हणावं. पहिलं तेच दाखवलं होतं, नीट बघत नाहीत."