केदारचा पाट

पुण्यात जन्मभर जपानी शिकवलेल्या चारुदत्त सरांचा जीव एकाच माणसात अडकलेला. जपानच्या दरबारातला फार जुन्या काळचा राजप्रतिनिधी. राजा लहान, म्हणून त्याच्या नावानं राज्य हाकायचा आणि वर सुरेख कविता करायचा. पुढे राजा मोठा झाला, तर या पठ्ठ्यानं पदाचं नाव तेवढं बदललं, कारभार काही सोडला नाही. एवढं सांगून सर मिशीत हसायचे.

मुलगा केदार गेला तेव्हा सर आयर्लंडमध्ये ड्रोहेड्याला आले, ते राहिलेच. सून शर्वाणी हॉस्पिटलात डॉक्टर, नात ईशानी शाळेत. घर कोणीतरी बघायला हवंच होतं. गणपतीला केदारच्या पाटावरही तेच बसत आणि संकल्प सोडताना म्हणत, "केदारच्या वतीनं." गेलेल्या माणसाच्या वतीनं असं बसता येत नाही, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण शर्वाणी कधी बोलली नाही, आणि म्हाताऱ्याला बोलणार तरी कोण!

यंदा ईशानी अठराची झाली. चतुर्थीला सकाळी सर पाटावर बसले, तर ती ओल्या केसांनी समोर उभी. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीत.

"आजोबा, आय विल डू इट धिस इयर."

"बघू पुढच्या वर्षी," सर तुटकपणे म्हणाले.

ती हलली नाही. मग अडखळत मराठीत म्हणाली, "आजोबा, तुमच्या गोष्टीतला राजा कधी बसला?"

इतक्या वर्षांत हे एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नव्हतं. त्या कवीची ओळ न् ओळ सरांना पाठ होती, आणि राजाचं नाव काही केल्या आठवेना. पाट सोडला की केदार खरंच गेला, एवढ्या एका भीतीनं ते इथे ठाण मांडून बसले होते.

गुडघ्यावर हात टेकून ते उठले. ईशानी पाटावर बसली. शर्वाणीनं पुढे ताम्हन धरलं आणि सरांनी पळीभर पाणी पोरीच्या तळहातावर घातलं.

"बाबांच्या वतीनं?" तिनं विचारलं.

"नाही गं. बाबा गेला आपला," सर म्हणाले. आजवर हे त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. "तुझं नाव घे."

तिनं आपलं नाव घेऊन पाणी सोडलं. ताम्हन धरूनच शर्वाणी रडायला लागली, आणि सर तिच्या शेजारी खाली बसले.