शेकरात सोडा

मी एक जुना शेकर आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. पेयं हलवून एकजीव करायचं, घट्ट झाकणाचं भांडं मी. कुवेतला, सलवा भागातल्या एका फ्लॅटमध्ये, रव्याच्या डब्यामागे वर्षानुवर्षं पडून राहणं म्हणजे माझ्यासारख्याला शिक्षाच!

मित्रांनो, माझं घराणं साधंसुधं नाही. हिंदुस्थानच्या बंदरांतून खलाशांनी पंच नावाचं पेय विलायतेला नेलं, त्यात मद्य, लिंबू, साखर, मसाला आणि पाणी असे. पुढे मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क एवढ्यावर कॉकटेल होऊ लागलं. बारवाले ते या पेल्यातून त्या पेल्यात ओतायचे आणि सांडायचे. मग कुणाला तरी एका पेल्यावर दुसरा पालथा घालून हलवायची बुद्धी झाली आणि आमचा जन्म झाला.

हे सगळं मी शत्रुघ्नरावांकडून ऐकलं. ते मुंबईच्या एका हॉटेलात बारटेंडर होते. सुट्टीच्या दिवशी मला घरी आणून पुसायचे आणि पुसता पुसता लेकीला, सुनंदाला, या गोष्टी सांगायचे.

सुनंदा नर्स होऊन कुवेतला आली. वडील गेल्यावर तिने मला बॅगेत घालून आणलं. पण इथे दारूबंदी, त्यात आपली माणसं नावं ठेवतील ही धास्ती. "बाबा हॉटेलात मॅनेजर होते," असं ती सगळ्यांना सांगू लागली, स्वतःच्या लेकीलाही. मला फार राग यायचा. माझा माणूस पुसला जात होता, आणि मला साधं खडखडताही येत नव्हतं.

यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. पन्हं झकास लागावं म्हणून श्वेताने, सुनंदाच्या लेकीने, मला शोधून काढलं, पन्ह्यात सोडा ओतला आणि जोरात हलवलं. फट्! झाकण छताला, पन्हं योगिनीताईंच्या पैठणीवर.

"अगं, सोडा कधी शेकरात घालतात का?" सुनंदा ओरडली. "तो वरून ओतायचा! बाबांनी लहानपणीच शिकवलंय मला!"

"मॅनेजरांना हेही यायचं?" पदर पुसत योगिनीताईंनी विचारलं. त्या सुनंदाच्याच हॉस्पिटलात टेक्निशियन होत्या.

सुनंदाने मला उचलून हातात घेतलं. मग म्हणाली, "मॅनेजर नव्हते हो. बारटेंडर होते. हाच शेकर हलवून त्यांनी मला नर्स केलं."

"आई, व्हाय डिडंट यू टेल मी?" श्वेता म्हणाली.

सुनंदाने डोळे पुसले. माझ्यात बर्फ आणि पन्हं घातलं, झाकण दाबलं आणि मला खांद्याशी धरून हलवू लागली, अगदी शत्रुघ्नरावांसारखं. मी गारठलो आणि सुखावलो.

"पहिला पेला मला हं," योगिनीताई म्हणाल्या. "आणि बाबांचं सगळं सांग आता."

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून लखलखीत ठेवाच. पण त्या कुणाच्या हातात झिजल्या, तेही घरातल्या पोरांना खरंखरं सांगा. सुनंदा अजून सांगतेच आहे. तोवर मला खाली ठेवू नका!