दुसरी सही

बाटल्यांच्या कारखान्यात सगळेच त्याला मामा म्हणायचे, पण सख्खा मामा तो तिचा एकटीचाच होता. पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांमधला केसाएवढा तडाही तिच्या नजरेतून सुटायचा नाही, म्हणून तिला दुर्बीण म्हणत. ही नोकरी तिला मामानेच लावून दिली होती. कामगारांचा मदत निधीही त्यानेच उभा केला होता. दर पगाराला प्रत्येकाचे थोडे पैसे कापायचे आणि कुणावर वेळ आली की त्याच्या घरी पोचवायचे. दुर्बिणीचा नवरा छपरावरून पडून आठ महिने अंथरुणाला खिळला, तेव्हा तिची चूल याच निधीवर पेटली. पुढे निधीच्या खात्याला दुसरी सही लागली, तेव्हा मामाने तिचंच नाव सुचवलं. तिला केवढं कौतुक वाटलं होतं स्वतःचं.

मग एका सकाळी भट्टीवाल्याचे दोन्ही हात भाजले. चार महिने तरी काम नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याची बायको अर्ज घेऊन आली, तेव्हा दोन दिवसांत पैसे घरपोच येतील, असा शब्द दुर्बिणीनेच तिला दिला. दोनाचे दहा दिवस झाले. मामाला विचारलं की कधी बँकेतले साहेब रजेवर असायचे, कधी चेकबुक संपलेलं असायचं. भट्टीवाल्याची बायको रोज गेटवर येऊन उभी राहायची. मागायची काही नाही, नुसती बघायची. अकराव्या दिवशी दुर्बीण अर्धी रजा टाकून स्वतःच बँकेत गेली.

खिडकीवरच्या बाईंनी खातं बघितलं. त्यात काहीच शिल्लक नव्हतं. चार महिन्यांपूर्वी सगळी रक्कम कंपनीच्या खात्यात गेली होती, आणि त्यानंतर पगारातून कापलेले पैसेही जमा झाले नव्हते. कागदावर दोन सह्या होत्या, आणि दुसरी तिची होती.

तिला आठवलं. जेवणाच्या सुट्टीत मामा तो कागद घेऊन आला होता. व्याज जास्त मिळेल, म्हणाला होता. तिने खरकटा हात पुसला आणि सही ठोकून पुन्हा जेवायला लागली.

बँकेतून ती थेट मामाच्या घरी गेली. पहिली पाळी करून तो नुकताच आला होता. आधी त्याने उडवाउडवी केली. मग म्हणाला की भट्टी खचायला आली होती, मालकाने हात जोडले, सहा महिन्यांत परत करतो म्हणाला. कारखानाच बंद पडला असता तर निधी काय चाटायचा होता? भट्टी खचत होती, हे दुर्बिणीलाही माहीत होतं. तेवढ्यात मामी पाण्याचा पेला पुढे करत भाबडेपणाने बोलून गेली, "मालक चांगला आहे गं. आपल्या धाकट्याला लगेच ऑफिसात कायम केलं की."

मामाने मान खाली घातली.

"मी कागद वाचलाच नव्हता, मामा. तू आणलास म्हणून सही केली."

"घरातली गोष्ट आहे, घरात राहू दे," तो हळू आवाजात म्हणाला. "सह्या दोघांच्या आहेत. तूही अडकशील."

तो आपल्याला धमकावतोय, हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. पाणी तसंच ठेवून ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिने गेटवर सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, आणि सुरुवात स्वतःच्या सहीपासून केली.

"मामाने सगळ्यांना मामा बनवलं," एक हमाल म्हणाला, "आणि भाचीने हात दिला." कुणी हसलं नाही. तिने खाली बघितलं. पण कामगार कचेरीत जायची वेळ आली, तेव्हा ती सगळ्यांबरोबर गेली आणि लेखी जबाब देऊन आली. नऊ दिवस पट्टा बंद राहिला. शेवटी मालकाने हप्त्यांनी पैसे परत करायचं कबूल केलं. पहिला हप्ता भट्टीवाल्याच्या घरी गेला. तोवर त्याच्या बायकोने शिलाई मशीन विकलं होतं.

आता खात्याला तीन सह्या लागतात आणि दर पगाराला हिशेब गेटवर मोठ्याने वाचला जातो. त्या तिघांत दुर्बीण नाही. तिने मागितलंही नाही. मामाने नोकरी सोडली.

दुर्बिणीची आई दर रविवारी भावाला भेटायला जाते. भावाला चारचौघांत उघडं पाडलं म्हणून ती लेकीशी कामापुरतंच बोलते. दुर्बीण तिला मामाच्या घराच्या जिन्यापर्यंत सोडते आणि खाली थांबते. वर कुणी बोलावत नाही, आणि बोलावलं तर जाईन की नाही, हे तिला स्वतःलाच ठाऊक नाही.