मोजणीदाराचं शेपूट

भाचीने दुकानात येऊन लॅपटॉप सरळ टायरच्या ढिगावर ठेवला, तेव्हाच आत्याच्या मनात पाल चुकचुकली. हातातली चेन तशीच लोंबकळत ठेवून ती म्हणाली, "बोल बाई, काय बिघडलं?"

"बाबांचं शेपूट, दुसरं काय! उद्या नकाशा छापायला जातोय, आत्या. खोऱ्यातल्या सगळ्या खडीच्या वाटांवर पाट्या लागणार आहेत. बाबांची वाट सगळ्यांत पहिली, त्यांच्या नावाची. पण शेपूट कापते म्हटलं तर म्हणतात, शेपूट गेलं की वाटही गेली, माझं नाव पुसून टाक. आता काय करू मी?"

शेपटाची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. आत्याचा दादा जन्मभर मोजणी खात्यात होता. लोकांच्या जमिनी मोजता मोजता त्याचं नाव मागे पडलं आणि सगळे त्याला मोजणीदारच म्हणू लागले. माणूस असा काटेकोर, की भिंतीवरची तसबीर केसभर तिरकी दिसली तरी त्याला घास जायचा नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र तो सायकल काढायचा, हँडलवर जीपीएसचं यंत्र बसवायचा आणि डोंगरातल्या खडीच्या वाटा धुंडाळत फिरायचा. जंगलखात्याचे जुने रस्ते, लाकडाच्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या, नदीच्या कडेकडेने गेलेल्या पायवाटा, हे सगळं जोडून त्याने एक मोठी वाट तयार केली आणि नेटवर टाकली. लांबलांबून माणसं ती करायला यायची आणि येताजाता आत्याच्या दुकानात पंक्चर काढून घ्यायची.

आता या सुबक वाटेत एकच खोड होती. लाकडी पुलापुढच्या फाट्यावर ती मुकाट उजवीकडे वर चढायची सोडून डावीकडे खाली नदीपर्यंत जायची आणि आल्या पावली परत यायची. सायकलवाले बिचारे यंत्राच्या शब्दाबाहेर नाहीत! निमूटपणे खाली जायचे, पाणी बघायचे, दगड बघायचे, एकमेकांची तोंडं बघायचे आणि धापा टाकत वर यायचे. हेच ते शेपूट. मग नेटवर लिहायचे, "खाली काहीही नाही." भाची वैतागून ते वाचून दाखवायची. दादा म्हणायचा, "काही नाही ना? उत्तम."

आत्याला तर हा विषय म्हणजे आयतं कोलीतच होतं. ज्या दिवशी दादाने ही वाट यंत्रात टिपली त्या दिवशी आत्या आपल्या सायकलवर त्याच्या मागे होतीच. फाट्यावर पोचली तर दादा गायब. जरा वेळाने हे साहेब खालून सायकल ढकलत आले, नखशिखांत भिजलेले, चेहरा पांढराफटक. "काय झालं रे?" "वाट चुकलो. नदीत पाय घसरला." बस्स, एवढंच! मोजणीदार वाट चुकला! आत्या पोट धरधरून हसली होती. मग तिने ती गोष्ट नवऱ्याला सांगितली, सासरच्यांना सांगितली, दादाच्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांसमोर सांगितली. दादा दरवेळी खाली मान घालून हसायचा.

"तू समजाव ना त्यांना," भाची रडकुंडीला आली होती. "डोळे असे झालेत. आता नवी वाट काही ते आखणार नाहीत. ही एकच राहील त्यांची, आणि तीही एका चुकीपायी जाणार का?"

दादाला आता समोरचं काही दिसत नव्हतं, नुसतं कडेकडेचं धूसर दिसायचं. सायकल सुटली तेव्हापासून तो खुर्चीत बसून असायचा, आणि त्याला तसं बघवत नाही म्हणून आत्या हल्ली भावाकडे जायचं टाळत होती. तिने कोपऱ्यातली दोन सीटची, दोघांनी मिळून चालवायची सायकल बाहेर ओढली, दोन्ही चाकांत हवा भरली आणि म्हणाली, "मी घेऊन जाते त्याला. फाट्यावर उभं करून विचारते. बघू, कसा बोलत नाही ते!"

दादा मागच्या सीटवर बसला तोच कुरकुरत. "तू पुढे आणि मी मागे! काय दिवस आलेत!"

"गप बस आणि पेडल मार. फुकट नेणार नाही तुला, ओझ्यासारखं."

खडी चाकांखाली कुरकुरायला लागली आणि दादाचा नूर पालटला. झाडी दाट झाली, गारवा आला, खालून नदीचा आवाज येऊ लागला. आत्याच्या डोळ्यांसमोर जुने दिवस उभे राहिले. घरात एकच सायकल होती तेव्हा ती याच माणसाच्या मागे कॅरियरवर बसायची, त्याचा सदरा मुठीत घट्ट धरून. आई गेल्यावर तिची वेणीसुद्धा यानेच घातली होती, तीही भांग मोजूनमापून. पुढे दोघांच्या दोन सायकली झाल्या, तरी तो पुढे आणि ती मागे हे काही बदललं नाही. किती सुख होतं त्यात! पुढे कुणीतरी आहे, आपण नुसतं मागे जायचं.

"खडी बारीक झाली," मागून दादा म्हणाला. "आता पूल येईल. फळ्या ओल्या असतील, ब्रेक दाबू नकोस, ठमे."

ठमे म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिने ब्रेक दाबला नाही.

फाट्यावर दोघं उतरली. आत्याने सायकल झाडाला टेकवली आणि कमरेवर हात ठेवले. "हं, आता बोल. कागदावरची रेघ जरा हलली तर तू अख्खा कागद टाकायचास. मग ही एवढी ढळढळीत चूक का जपून ठेवलीस? पोरगी रडतेय तिकडे. खरं काय ते सांग."

दादाने नदीच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "त्या दिवशीचा तुझा रेनकोट आठवतो? लाल?"

"आठवतो की. त्याचं काय?"

"मी इथे थांबलो होतो. तू येईचना. मागचं वळण नदीच्या अगदी काठावर आहे, तुला माहीत आहे. मी हाका मारल्या. मग खाली बघितलं तर पाण्यात एका ओंडक्याला काहीतरी अडकलं होतं. लाल."

आत्याने कमरेवरचे हात खाली घेतले.

"कसा खाली गेलो देव जाणे. सायकल टाकली आणि सरळ पाण्यात उतरलो. पाणी छातीपर्यंत होतं. हाताला लागलं तेव्हा कळलं, प्लॅस्टिक होतं गं. ताडपत्रीचा तुकडा. तिथेच पाण्यात उभा राहून रडलो मी. मग वर आलो, तर तू इथे दगडावर बसलेली. हात काळे झालेले."

"पंक्चर झालं होतं मला," आत्या पुटपुटली.

"होय. आणि मला बघून हसत सुटलीस. काय सांगणार होतो? सांगितलं असतं तर तू पुन्हा या वाटेला आली नसतीस. आणि तू हसत होतीस ना, तेच मला हवं होतं. म्हटलं, हसू दे. जन्मभर हसू दे."

"मूर्खा!" आत्या ओरडली आणि तिला रडू कोसळलं. "अरे, गावभर हसं केलं मी तुझं! एका शब्दाने बोलला नाहीस!"

"पण रेघ पुसवली नाही मला. आता कळलं ना तुला? मग सांग पोरीला, टाक म्हणावं कापून. माझं काम झालं."

"खबरदार!" आत्याने नाक पुसलं आणि तिथूनच भाचीला फोन लावला. "शेपटाला हात लावायचा नाही. का ते घरी आल्यावर सांगते. पाटी लाव, नदीकडे बाण दाखव, आणि लोकांनी शिव्या घातल्या तर माझ्या दुकानावर पाठव."

मग तिने दादाचा हात खांद्यावर घेतला आणि दोघं हळूहळू खाली उतरली. काठावर आल्यावर दादा थांबला. त्याने धूसर डोळे पाण्याकडे लावले आणि विचारलं, "काय दिसतंय?"

"पाणी. दगड."

"नीट बघ. ओंडक्यापाशी?"

आत्याने अगदी नीट बघितलं. ओंडका केव्हाच वाहून गेला होता. पाठीमागे दादाने तिचा सदरा मुठीत घट्ट धरला होता.

"काही नाही, दादा," ती म्हणाली. "इथे काहीही नाही."

"उत्तम," दादा म्हणाला.