वरची दाढ

"बाबा, मान!" पलीकडची खुर्ची पुसता पुसता लेक म्हणाली.

"आहे जागेवर," दातांचे डॉक्टर म्हणाले आणि पेशंटवर आणखी वाकले.

खुर्चीत पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई होत्या. वीस वर्षांत त्यांच्या दातांना दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. खुर्ची आडवी झाली की त्या डोळे गच्च मिटून घेत, ते काम संपल्यावरच उघडत. आज वरची, अगदी मागची दाढ होती.

वरची दाढ छोट्या आरशात पाहून करायची, पाठ ताठ ठेवून, असं कॉलेजात शिकवतात. डॉक्टरांचा आरशावर कधी विश्वासच बसला नाही. "उलटं दिसतं मेलं," म्हणायचे. छत्तीस वर्षं त्यांनी प्रत्येक वरची दाढ मान वेडीवाकडी करून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पेशंट बरे होऊन घरी गेले, दुखणं मानेत राहिलं. लेकही आता दातांचीच डॉक्टर; ती ताठ बसून आरशात बघू लागली की "महाराणी बसल्या सिंहासनावर," म्हणून ते तिची टर उडवत.

चार महिन्यांपासून उजवा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर होत होतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. कप पडला तेव्हा बायकोने विचारलं, तर त्यांनी कपाच्या कानावर खापर फोडलं. बोटांना कळेना म्हणून डोळे जवळ न्यायचे, त्यासाठी मान वाकवायची, आणि मान वाकली की बोटं आणखी मुकी व्हायची. दुसऱ्या कुणाला त्यांनी हे मिनिटभरात समजावून दिलं असतं.

दाढेच्या मुळात केसासारखी बारीक सुई फिरवायची होती. ती अडली की बोटांना कळतं, तिथे थांबायचं. जोर लावला तर आत तुटते. डॉक्टरांनी सुई फिरवली. अडली की नाही, काहीच कळलं नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते पेशंटच्या तोंडाला घाबरले.

त्यांनी सुई हलकेच बाहेर काढली आणि लेकीला खुणेनं बोलावलं. तिने त्यांचा चेहरा पाहिला, मग हात.

"कधीपासून?" ती कुजबुजली.

"आधी दाढ," म्हणून ते स्टुलावरून उठले.

ती बसली. डॉक्टर डाव्या हातात लाळ ओढायची नळी धरून शेजारी उभे राहिले. तिची बोटं फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळत होतं. त्यांना अभिमान वाटला.

अर्ध्या तासाने खुर्ची सरळ झाली. बाईंनी डोळे उघडले.

"काय हात आहे हो तुमचा, डॉक्टर! कळलंसुद्धा नाही."

लेक खाली बघत हातमोजे काढत राहिली. ती काही बोलणार नव्हती, हे डॉक्टरांना माहीत होतं. नुसतं हसले असते तरी भागलं असतं.

"माझा नव्हता," ते म्हणाले. "हिचा होता."

बाईंनी लेकीला नीट न्याहाळलं. "अगंबाई! मग पुढच्या वेळी हिच्याकडेच येते. चालेल ना?"

"चालेल की."

बाई गेल्यावर डॉक्टरांनी वेळा लिहायची वही उघडली. मंगळवारी, लेकीच्या रकान्यात, बाईंचं नाव घातलं. मग जरा थांबले, चष्मा पुसला, आणि आपल्या रकान्यातली उरलेली नावंही एकेक करून पलीकडे उतरवायला घेतली.