बाईंच्या दाढेतली चांदी

मी एक जुनी चांदी आहे; पण दागिन्यातली नव्हे, दाढेतली. पत्ता नीट लिहून घ्या: इंग्रजी शिकवणाऱ्या बाई, खालचा जबडा, डावी बाजू, मागून दुसरी दाढ. या जागी मला तेवीस वर्षे झाली.

मित्रांनो, माझा जन्म दातांच्या डॉक्टरांकडे एका छोट्या खलात झाला. चांदी, कथील आणि तांबे यांची पूड एकीकडे, पाऱ्याचा टपोरा थेंब दुसरीकडे. डॉक्टरांनी घोटघोट घोटले आणि पाहता पाहता मऊ गोळा झाला. मला दाढेतल्या खड्ड्यात दाबून बसवताना ते म्हणाले, "आज या बाजूनं चावू नका. उद्यापासून खुशाल दगड चावा."

बाईंनी दगड चावले नाहीत, पण पेपर तपासताना पेन्सिली चावल्या. मी कधी कुरकुर केली नाही. तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणत, "वा, काय टिकली आहे!" तेवढ्यावर माझे वर्ष निघे.

पुढे मी काळी पडले. एके दिवशी बाईंची मुलगी म्हणाली, "आई, तू हसलीस की आत कोळशाची वखार दिसते गं." तेव्हापासून बाई तोंडावर हात ठेवून हसू लागल्या. शेवटी ठरले: मला कोरून काढायचे आणि तिथे दातासारखे पांढरे काहीतरी भरायचे. शनिवार, दुपारी चार वाजता.

शुक्रवारी आठवी 'अ'च्या धड्यात एक शब्द आला, 'अमॅल्गमेशन'. बाईंनी फळ्यावर अर्थ लिहिला, 'एकत्रीकरण'. वर्गाचा चेहरा कोराच.

"बाई, दप्तरात सगळी पुस्तकं कोंबली तर ते अमॅल्गमेशन?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले.

"नाही गं. पुस्तकं परत वेगळी काढता येतात. यात सगळं मिळून एकच नवी गोष्ट होते. आणि शब्द भारदस्त आहे. दोन कंपन्या, दोन संस्था एक झाल्या तर वापरायचा. दुधात साखर घातली म्हणून नाही."

"मग आमच्या आईच्या आणि काकूच्या स्वयंपाकघरांचं झालंय, बाई! कुठला डबा कुणाचा, दोघींनाही सांगता येत नाही. भांडणं तेवढी वेगवेगळी आहेत."

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या. एका हातात खडू, दुसऱ्या हातात पुस्तक; तोंड झाकायला हातच उरला नाही.

"बाई, तुमच्या तोंडात काहीतरी काळं आहे!" तीच मुलगी.

बाईंचे कान लाल झाले. मला वाटले, आता शनिवारचीही वाट पाहणार नाहीत. पण बाईंनी खडू खाली ठेवला.

"ये इकडं. बोट घालायचं नाही, नुसतं बघ. पारा आणि चांदीची पूड घोटून केलंय हे; डॉक्टर याला 'अमॅल्गम'च म्हणतात. यातला पारा कुठला आणि चांदी कुठली, दाखव."

मुलीने बराच वेळ निरखले. "नाही दाखवता येत."

"झालं तर! हेच ते."

मग अख्ख्या वर्गाला बघायचे होते. एक्केचाळीस जणांची रांग लागली. तेवीस वर्षांत माझ्याकडे इतक्या आदराने कुणी पाहिले नव्हते. तास संपल्याची घंटा झाली, तरी बाईंचे तोंड उघडेच.

शनिवारी चार वाजता डॉक्टरांनी दिवा माझ्यावर रोखला. "काढायची ना?"

बाई छताकडे पाहत म्हणाल्या, "आज राहू द्या. सोमवारी 'ब' वर्गाला दाखवायचीय."

"मग पुढच्या शनिवारी?"

"त्यानंतर 'क' आहे, डॉक्टर. आणि जूनमध्ये नवीन आठवी येईल."

डॉक्टरांनी दिवा विझवला.

मित्रांनो, एक शब्द शिकण्यासाठी दाढ किडवून घेऊ नका. रोज दोनदा दात घासा, अगदी मागचेसुद्धा. माझ्यासारखी कुणी तुमच्या तोंडात राहायला येऊ नये, हेच बरे. आणि कुणी धीर करून आपले तोंड उघडून दाखवले, तर खिदळू नका. रांगेत उभे राहा.